पाकिटातली गोरखचिंच आणि बाळाची वाटी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी साडेसात महिन्यांची, वजन 7.2 किलो, मागच्या आठवड्यात तपासलेलं हिमोग्लोबिन 9.6. थोरला अडीच वर्षांचा. नैरोबीहून आलेल्या दिरांनी बाओबाब या आफ्रिकेतल्या झाडाच्या फळाच्या पुडीचं पाकीट आणलंय, त्यावर आयर्न, कॅल्शियम, व्हिटॅमिन सी असं ठळक छापलंय. शिवाय थोरल्यासाठी ‘माबुयु’ नावाचा लाल गोड खाऊ. सासूबाई म्हणतात, ही तर आपली गोरखचिंच, द्यायला काय हरकत आहे? आणि तुम्ही विचारताय की रोज चमचाभर पूड पेजेतून दिली तर चालेल का, किती द्यायची, आणि त्यानं रक्त वाढेल का.

मी कोल्हापुरात गेली 22 वर्षं लहान मुलांच्या आहाराचं काम करते. एवढ्या वर्षांत पाकिटं बदलत गेली, प्रश्न तोच राहिला. कधी कुणी बदामाची पावडर आणली, कधी शेवग्याच्या पाल्याची, आता बाओबाब. तुम्ही दोन प्रश्न एकात गुंफलेत, ते आधी सुटे करू. ‘पूड चालेल का?’ याचं उत्तर आहे, हो, थोडी, नीट दिली तर. ‘रक्त वाढेल का?’ याचं उत्तर नाही. आणि दुसरा प्रश्न जास्त निकडीचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांसाठी ॲनिमियाची रेषा पूर्वी 11 होती, जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये ती 10.5 वर आणली. तुमच्या लेकीचं 9.6 दोन्ही रेषांच्या खाली आहे. घाबरायचं कारण नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची 67 टक्के मुलं ॲनिमियाची निघाली होती, म्हणजे तुम्ही काही चुकलात असं अजिबात नाही. पण एवढ्या कमी हिमोग्लोबिनला पुडीच्या भरवशावर सोडून चालत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते वजनावरून लोहाच्या थेंबांचं प्रमाण ठरवतील, गरज वाटली तर आणखी तपासण्या सांगतील. त्यातली एक फार महत्त्वाची: घरात कुणाला थॅलेसेमिया असेल, किंवा तुम्हा दोघांपैकी कुणी त्याचा वाहक असल्याचं गरोदरपणात कळलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात लोह आधीच साठत असतं. त्यांना लोह किंवा लोह शोषायला मदत करणारं काहीही आपल्या मनानं द्यायचं नसतं.

आता पाकिटावरच्या आकड्यांचं गणित करू, कारण सगळी गफलत तिथंच होते. ते आकडे 100 ग्रॅम पुडीचे असतात. 100 ग्रॅम पूड बाळ महिन्याभरातही खाणार नाही. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात ही पूड साधारण 3 ग्रॅम बसते. गोरखचिंचेत लोह किती हे झाडागणिक बदलतं, पण अगदी चांगल्यातला चांगला म्हणून 100 ग्रॅमला 8 मिलिग्रॅम धरलं, तरी चमचाभर पुडीत पाव मिलिग्रॅमच आलं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लहान मुलांच्या लोहाच्या सिरपमध्ये एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम असतं. म्हणजे पाकिटावर छापलेलं खोटं नाही, फक्त ते तुमच्या चमच्याचं नाही.

व्हिटॅमिन सीचं जरा वेगळं आहे. त्यात गोरखचिंच खरोखर श्रीमंत आहे. 100 ग्रॅम गराला 150 पासून 500 मिलिग्रॅमपर्यंत आकडे मिळतात. डाळी, नाचणी, पालेभाज्या यांतलं लोह पोटात सहजी शोषलं जात नाही, आणि सोबत व्हिटॅमिन सी असलं तर ते बरंच जास्त शोषलं जातं. हे जुनं, पक्कं शास्त्र आहे. वरणावर लिंबू पिळायला आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण इथंही चमच्याचाच हिशोब लावा. पाव चमचा पुडीतून मिळणार एक ते चार मिलिग्रॅम. चमचाभर लिंबाच्या रसातून साधारण दोन. आणि बिया काढून कुस्करलेला पिकलेला पेरू दोन मोठे चमचे दिला तर साठच्या आसपास! बाळाला दिवसभरात लागतं 30. कोल्हापुरात बाराही महिने कुठं ना कुठं पेरूची पाटी दिसते, तिच्यापुढं हे पाकीट फार मिरवू शकत नाही.

मग पूड द्यायचीच नाही का? तसं मी म्हणत नाही. आणलीच आहे, चवीला छान आंबट आहे, आणि आंबट चव बाळाला लवकर ओळखीची झालेली चांगलीच. फक्त ती औषध म्हणून नको. लिंबाची फोड जेवढी, तेवढीच तिची किंमत धरा.

ही वस्तू आहे तरी काय, हेही सांगायला हवं, कारण नावामुळं गोंधळ होतो. बाओबाब म्हणजे गोरखचिंच, हे सासूबाईंचं बरोबर आहे. झाड आफ्रिकेतलं, आपल्याकडं शेकडो वर्षांपूर्वी आलेलं. हुबळी ओलांडून पुढं कर्नाटकातल्या सावनूरला एका मठाच्या आवारात त्याचे अजस्र, फार जुने वृक्ष आहेत. कन्नडमध्ये त्याला ‘दोड्ड हुणसे’ म्हणजे मोठी चिंच म्हणतात. पण चिंचेशी त्याचं नातं फक्त आंबटपणाचं. चिंच शेंगांच्या कुळातली, तर गोरखचिंच सावर, जास्वंद, भेंडीच्या कुळातली. म्हणून ‘बाळाला चिंचेचं सार पचतंय, मग हेही पचेल’ असा अंदाज बांधू नका. विलायती चिंच आणखी वेगळी. आणि काष्ठौषधीच्या दुकानात मागायला गेलात तर नाव नीट उच्चारा, कारण ‘गोरखमुंडी’ ही वेगळीच औषधी वनस्पती तिथं असते आणि घाईत पुडी तिचीच बांधली जाते. माझ्याकडं एक बाई तशी पुडी घेऊन आल्या होत्या. सुदैवानं बाळाला द्यायच्या आधी दाखवायला आणली होती.

या झाडाचं बरंच काही खातात. सेनेगलमध्ये गराचं सरबत करतात आणि पाल्याची पूड जेवणात घालतात, नायजेरियात हाउसा लोकांच्या घरी त्याच पाल्याचं बुळबुळीत सूप होतं, अगदी आपल्या अंबाडी-भेंडीसारखं. बियांचं पीठ आणि तेलही निघतं. बाळासाठी यातला फक्त गर. गर फळातच वाळतो, खडूसारखा भुसभुशीत होतो, त्यामुळं त्याची पूड पांढरट किंवा फिक्कट बदामी असते. हिरवी असेल तर ती पाल्याची, तपकिरी आणि तेलकट असेल तर बियांची. कच्च्या बियांत पचनात अडथळा आणणारे घटक असतात, त्या बाळाच्या कामाच्या नाहीत. युरोपनं 2008 मध्ये या फळाला खाद्य म्हणून परवानगी दिली तीही वाळलेल्या गरालाच. तुमच्या पाकिटावर घटक म्हणून गराशिवाय आणखी काही, साखर, दूध पावडर, स्वाद, लिहिलेलं असेल तर ते पाकीट मोठ्यांनी संपवावं. आणि सासूबाई सावनूरहून फळ मागवायचं म्हणत असतील तर त्यांना प्रेमानं थांबवा. खाली पडून तडकलेल्या फळात बुरशी धरते आणि ती वरून दिसतेच असं नाही.

आता प्रत्यक्ष द्यायचं कसं. उष्टावण झालं म्हणजे बाळ खायला तयार झालं असं नाही. आपल्याकडं मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यातही करतात, मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवतात. त्या दिवसाचं कौतुक जरूर करा, पण रोजचं वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावरच. मान पक्की धरली आहे, आधारानं बसतंय, चमचा तोंडात गेल्यावर जिभेनं बाहेर ढकलत नाही, या तीन गोष्टी मी बघते. तुमची लेक या पायरीवर असणार असं धरून चालते. ती वेळेआधी जन्मलेली असेल तर मात्र हे सगळं वेगळं मोजावं लागतं, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

गोरखचिंच ही सुरुवातीची वस्तू नाही. भात-वरण, नाचणी, कुस्करलेलं केळं, बटाटा, अंडं हे तीन-चार आठवडे रुळल्यावर, आणि लोहाचे थेंब सुरू होऊन पोट स्थिर झाल्यावर. थेंबांनी शी काळी होते, कधी घट्ट होते. त्याच आठवड्यात पूडही सुरू केलीत तर कशानं काय झालं ते कळणार नाही.

पहिल्यांदा देताना सकाळची वेळ निवडा, रात्रीची नको, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. बारीक चाळणीतून पूड गाळून घ्या, आत लालसर धागे आणि बियांचे कण असतात. मग एक चिमूट, खरंच एक चिमूट, उकळून गार केलेल्या चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवा आणि खाण्यात मिसळा. खाणं कोमट झाल्यावरच. ही सूचना मी दोनदा सांगते कारण मी स्वतः एकदा ती सांगायला विसरले होते. सुरुवातीच्या काळात एका आईला आवळ्याची पूड पेजेत घालायला सांगितली आणि कधी घालायची ते बोलले नाही. तिनं महिनाभर ती पेजेबरोबर दहा-दहा मिनिटं शिजवली. व्हिटॅमिन सी उष्णतेनं जातं, उरतो तो आंबटपणा.

आणि कोरडी पूड जिभेवर कधीही ठेवू नका. आपल्याकडं बाळाला चाटवायची सवय फार. सहाणेवर गुटी उगाळायची, बोटावर घ्यायची, चाटवायची. ही पूड इतकी हलकी असते की बाळानं श्वास घेतला की ती घशात उडते आणि ठसका लागतो. मधातून चाटवणं तर त्याहून वाईट. मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळं तान्ह्या बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. गूळही नको. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण पहिल्या वर्षी बाळाच्या वाटीत मीठ, साखर, गूळ तिन्ही नकोत. आंबट लागतंय म्हणून तोंड वाकडं करेल, करू दे. तोंड वाकडं करणं म्हणजे नावडणं नव्हे.

ती चिमूट तीन दिवस द्या, त्या तीन दिवसांत दुसरं नवं काही नको. हनुवटीवर, ओठांभोवती थोडी लाली आली तर ती बहुतेकदा आंबटामुळं असते, पुसून घ्या, आधी थोडं तूप लावलंत तर येणारही नाही. पण अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, लागोपाठ उलट्या झाल्या तर पूड बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ मलूल पडलं तर 108 ला फोन करा, घरगुती उपायात वेळ घालवू नका. गोरखचिंचेनं असं होणं दुर्मीळ आहे, पण नवा पदार्थ म्हटला की एवढी तयारी ठेवायचीच.

सगळं ठीक असेल तर वर्षाच्या आत दिवसाला पाव चमचा, तोही रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. एक ते दोन वर्षांत अर्धा चमचा, पुढं एक. हे माझ्या कामातून बसलेलं प्रमाण आहे, औषधाच्या डोसासारखं काटेकोर नाही. जास्त का नको? तंतू. या पुडीचा जवळजवळ निम्मा भाग तंतूंचा असतो. मोठ्यांना ते वरदान, बाळाला अडचण. बाळाच्या पोटात किलोला साधारण 30 मिलिलिटर मावतं, म्हणजे तुमच्या लेकीला एका वेळी सव्वादोनशे मिलिलिटरच्या आतबाहेर. त्या लहानशा जागेत तंतू भरले की पोट फुगतं, भूक मरते, आणि ज्या अन्नातून ताकद मिळायची तेच उरतं. पूड दिल्यावर बाळ खायचं कमी झालं तर ‘पोट भरतंय हो तिचं’ म्हणून खूश होऊ नका.

मूत्रपिंडाचा काही त्रास असलेल्या बाळाला ही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, तिच्यात पोटॅशियम भरपूर असतं. जुलाब होत असतानाही नको. आफ्रिकेत जुलाबावर हे सरबत देण्याची जुनी पद्धत आहे, तुमच्या दिरांनीही सांगितलं असेल. पण बाळाला जुलाब झाले की ओआरएस, अंगावरचं दूध, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं 14 दिवस झिंक. त्या यादीत चौथं काही घुसवू नका.

आता पुन्हा वाटीकडं येते, कारण 9.6 चं मूळ बहुतेक वेळा तिथं सापडतं. तुम्ही लिहिलंय की ती दिवसातून दोनदा ‘पातळ पेज’ घेते आणि मध्ये थोडं म्हशीचं दूध. पातळ पेज म्हणजे बरंचसं पाणी. चमचा तिरका केला तर अन्न ओघळू नये, इतपत दाट हवं. त्यात डाळ हवी, अर्धा चमचा तूप हवं. नाचणी राधानगरी-गगनबावड्याकडची चांगली मिळते, ती मोड आणून, वाळवून दळलीत तर तिच्यातलं लोह अडवून ठेवणारे घटक कमी होतात. म्हशीचं दूध एक वर्षापर्यंत पिण्यासाठी नको. आपल्याकडं हे बोलणं म्हणजे पाप, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास रिचवणाऱ्या गावात! पण त्या दुधात लोह जवळजवळ नसतं, पोट मात्र भरतं. आणि न तापवलेलं दूध तर कुठल्याच वयाच्या मुलाला नको.

तुमच्या घरी मटण होतं असं तुम्ही लिहिलंय. मग लोहासाठी नैरोबीकडं कशाला बघायचं? मटणातलं लोह पोटात सगळ्यात सहज शोषलं जातं. पण इथंही एक कोल्हापुरी घोटाळा आहे. एक आजी मला म्हणाल्या होत्या, “बाई, आळणी पाजतोय की आमी दर बुधवारी-रविवारी, मग रगात का वाढंना?” आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, चवीला छान, पण लोह पाण्यात उतरत नाही, ते मटणातच राहतं आणि मटण मोठ्यांच्या ताटात जातं. बिनतिखट, बिनमिठाचं मऊ शिजवलेलं मटण मिक्सरला वाटून दोन चमचे भातात कालवा. काळीज आठवड्यातून एकदाच, पेरभर. शाकाहाराच्या दिवशी मुगाची किंवा मोड आलेल्या मटकीची गाळून घेतलेली घट्ट आमटी, आणि त्यावर लिंबाचे थेंब किंवा तुमच्या त्या पुडीची चिमूट. बघा, पूड इथं बसली. डाळीच्या वाटीत तिला काम आहे, नुसत्या पेजेत नाही.

थोरल्याचं थोडक्यात सांगते. माबुयु हे गोरखचिंचेच्या बियांवर साखरेचा आणि रंगाचा लेप दिलेलं असतं, कधी त्यात तिखटही असतं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची पोरं ते चघळून बी थुंकतात. अडीच वर्षांचं मूल थुंकत नाही, हसता हसता आत ओढतं. बी टणक, गुळगुळीत, शेंगदाण्याएवढी. पाच वर्षांच्या आत असल्या वस्तू नकोतच, अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे यांच्याच रांगेत ती पिशवी ठेवा, म्हणजे सगळ्यात वरच्या फळीवर. त्यानं पिशवी आधीच पाहिली असेल तर रडेल, त्याला दह्यात पूड आणि कुस्करलेलं केळं कालवून द्या, रंग नाही पण आंबटगोड आहे. बाटलीतून मात्र आंबट काही देऊ नका, दात झिजतात. आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो सकाळ-संध्याकाळ चहात बटर बुडवून खातो. तो चहा बंद करा. चहा जेवणातलं लोह अडवतो. थोरल्याचंही हिमोग्लोबिन लेकीबरोबरच तपासून घ्या, मला शंका आहे.

लोहाचे थेंब सुरू झाले की साधारण महिन्यानं डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगतील. थेंब दुधाबरोबर देऊ नका. आकडा वाढला म्हणून लगेच बंदही करू नका, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.

पाकीट उघडलंत की पूड कोरड्या काचेच्या बरणीत काढा, चमचा कोरडा ठेवा. आपल्या पावसाळ्यात ती चार दिवसांत ओल धरून गोळा होते. गोळा झालेली, वास बदललेली पूड बाळाला नको आणि मोठ्यांनाही नको. चांगली असेल तर बाळाची चिमूट आठवडाभर बाजूला काढून उरलेल्याचं गार पाण्यात सरबत करा. पहिला ग्लास सासूबाईंना द्या, गोरखचिंच त्यांनीच ओळखली होती.